देवावरचा आळ

वारलू ढिवर विमानात बसून आला होता, पण ही गोष्ट त्याच्या गावात कोणी कौतुकानं सांगत नसे. धानोऱ्याच्या रस्त्यावर, कठाणी नदीच्या अलीकडे, ऐनाच्या जंगलात रुतून बसलेलं ते गाव. तिथला कोणी चांद्याची कचेरी पाहून आला तरी चार दिवस भाव खाई. वारलूचा आभाळातला प्रवास मात्र गावाला अंगावर उठलेल्या रोगासारखा वाटे. तो विमानात बसला आणि त्या साली गावात कोसा झाला नाही. लोकांनी या दोन गोष्टी एका दोरीत बांधल्या होत्या आणि गाठ वारलूच्या गळ्याशी आणली होती.

कोसा म्हणजे या जंगलातलं रेशीम. अळ्या ऐनाच्या झाडांवर चढवायच्या, मुंग्यांपासून आणि पाखरांपासून राखायच्या, पानं खाऊन त्यांनी अंड्याएवढा टणक कोश विणला की तो उतरवायचा. हे काम ढिवरांचं. एरवी नदीत जाळं टाकणारे हे लोक पिकाच्या दिवसांत जंगलात जाऊन राहत, आणि राहत ते नेमानं. खाट नाही, मासळी नाही, हळद नाही, बाईची सावली नाही. जेवण एक वेळ, आपल्या हातानं रांधलेलं, आपल्याच मडक्यातलं. घरी राहिलेल्या बायकोनंही तेवढे दिवस केसांना तेल लावायचं नाही. अळीला दोष खपत नाही, असं सगळे मानत. वारलूही मानत होता. पुढं शिकलेल्या माणसांनी त्याला सांगून पाहिलं की हे नेमबिम खोटं आहे असं एकदा म्हणून टाक, म्हणजे सुटशील. त्याला तसं सुटायचं नव्हतं. नेम खरा होता आणि तो त्यानं पाळला होता. त्याचं सगळं भांडण एवढंच होतं.

बावन्न सालच्या पावसाळ्यात पहिल्या पिकाच्या अळ्या काळ्या पडून झाडांवरून लोंबू लागल्या. दुसऱ्या पिकाला बिजाई उरली नाही. बिजाई म्हणजे जिवंत कोसे. त्यांतून पाखरं निघायची, नर-मादी जुळायची, अंडी पडायची, अंड्यांतून अळ्या निघायच्या. रेशीम खात्याचा साहेब खटपट्या होता. त्यानं बिहारच्या जंगलातली बिजाई मिळवून दिली आणि ती आणायला गावाचा माणूस मागितला. कोसेकऱ्यांचा म्होरक्या कोलू. त्यानं क्षणभरही विचार न करता वारलूचं नाव घेतलं. वारलूइतका नेमाचा कडक माणूस दुसरा नव्हता.

तिकडं पोचेपर्यंत सगळं ठीक होतं. परत येताना पुरानं रेल्वेचा पूल खचला. साहेबानं तारेनं कळवलं, कलकत्त्याला जा आणि विमानानं नागपूर गाठ, कोशातलं पाखरू कोणासाठी थांबत नाही. तिकीट खात्यानं काढलं. अशा रीतीनं वारलू दोन करंड्या घेऊन कलकत्त्याच्या विमानतळावर बसला. अंगावर धोतर, खांद्यावर दुपट्टा, गाठोड्यात तांदूळ आणि काळं मडकं.

ज्या कंपनीचं तिकीट होतं तिच्या विमानाच्या पोटावर घारीचं चित्र होतं. ते विमान समोरच उभं होतं. खिडकीतल्या बाबूनं सांगितलं, हवा खराब आहे, आज विमान जाणार नाही. वारलूनं वर पाहिलं. आभाळ धुतलेल्या परातीसारखं होतं.

"हवा कुठी खराब हाये बाबू?"

"यहाँ नहीं, आगे खराब है। होटल में जाओ। खाना, खटिया, सब कंपनी का।"

वारलूनं मान हलवली. कंपनीचं जेवण त्याला चालत नव्हतं आणि कंपनीची खाट तर मुळीच नाही. बिजाई हातात आली तेव्हापासून त्याचा नेम सुरू झाला होता. त्यानं बाहेरच्या गवतावर तीन विटा मांडल्या, काटक्या गोळा केल्या आणि भात शिजत घातला. चौकीदारानं येऊन चूल लाथाडली. मडकं फुटलं. वारलूनं खापरातला भात खापरातच खाल्ला. सुटाबुटातले लोक काचेमागून पाहत होते. त्यांना तो पिंजऱ्याबाहेर राहिलेल्या जनावरासारखा दिसला असावा.

तेवढ्यात बँड वाजू लागला. फुलांनी मढवलेल्या मोटारी आल्या. त्यांतून शेरवान्या उतरल्या, अत्तराचा भपकारा उतरला, मिठायांच्या पेट्या उतरल्या आणि शेवटी फुलांच्या सेहऱ्याआड तोंड लपवलेला नवरदेव उतरला. सगळं वऱ्हाड घारीच्या पोटात शिरलं. पंखे फिरले. घार उडाली. वारलू उठून उभा राहिला आणि विमान ठिपका होईपर्यंत पाहत राहिला. शेजारी सामान वाहणारा हमाल होता. तो म्हणाला, "बड़े सेठ की बारात है, भैया। तुम्हारा जहाज वही था।"

पुढचं विमान लवकर आलंच नाही. पण पाखरं आली. एका दिवेलागणीला कोशांची टोकं मऊ पडली, ओली झाली, आणि त्यांतून ती बाहेर सरकू लागली. तळव्याएवढी, मातकट, प्रत्येक पंखावर काचेच्या टिकलीसारखा डाग. जंगलात नर उडतो, झाडांच्या अंधारात फिरतो आणि मादीच्या वासानं परत येतो. इथं अंधारच नव्हता. विमानतळावर दिवे होते. नर उठले आणि दिव्यांकडे गेले. वारलू दुपट्टा घेऊन त्यांच्यामागं धावला. एक मेम किंचाळली. लोक हसले. सकाळी झाडूवाल्यानं नर सुपात भरून नेले. माद्या करंडीच्या काठाला चिकटून होत्या. त्यांनी वाट पाहिली आणि अंडी घातली.

शेवटी विमान मिळालं तेव्हा वारलूनं ती अंडी गावात आणली. त्याला आशा होती, थोडे तरी जुळले असतील. पानांच्या द्रोणांत घालून अंडी ऐनाला टांगली. सगळं गाव वाट पाहत राहिलं. अंडी तशीच राहिली, मग चपटली. कोलूनं एक नखानं फोडलं. आत पाणी होतं.

"काय गा वारलू," कोलू म्हणाला, "वांझ अंडी कवा होते?"

सगळ्यांना ठाऊक होतं. नेम मोडला की होतात.

"तिथी हाटेलात खाल्लं असशीन."

"नाई भाऊ. विटायच्या चुलीवर रांधून खाल्लं."

"मंग जहाज काऊन थांबलं? बिजाईची वाट अडते थे दोषानंच अडते."

"त्यायनं थे जहाज लग्नाले देल्लं."

यावर जो हशा पिकला तो वारलूला विमानतळावरच्या हशापेक्षा जास्त लागला. झिंगू नावाचा त्याचा चुलतभाऊ तर पोट धरून खाली बसला. "लग्नाले बैल जुपून खासर देतेत, दमनी देतेत! जहाज देतेत काय बे? कलकत्त्यात मांडव आभाळात टाकतेत काय?"

विमान ही सरकारसारखी, पुरासारखी काहीतरी मोठी गोष्ट आहे. ती कोणाला भाड्यानं मिळत असेल हे त्या गावात कोणाच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. त्यामुळे खरं तेच सर्वांत खोटं ठरलं. प्रत्येक कोसेकऱ्याची ऐनाच्या झाडांची रांग ठरलेली असे; वारलूची रांग काढून झिंगूला दिली. ज्याच्या हातून दोष झाला त्यानं झाडांना हात लावायचा नाही. वारलू पाटाच्या पाण्यासारखा गावाच्या कडेनं वाहू लागला. आणि शकुबाईचं, त्याच्या बायकोचं, वेगळंच झालं. नवरा नेमात चुकलो नाही म्हणतो ना, मग बायको चुकली असेल, असं लोक म्हणू लागले. तेल लावलं असेल. नदीवर बायका तिच्या डोक्याकडे पाहून एकमेकींना कोपरखळ्या मारत.

"म्या थेंब नाई लावला," ती त्याला म्हणाली. "तू तिथी काय केलं थे तूच जान."

"तू बी?"

"मी बी मानूसच हावो. सारं गाव एकीकडं अन् तू एकीकडं. कोनावर इसवास ठेवू?"

त्या हिवाळ्यात नागभीडचे गफ्फारभाई कोसे विकत घ्यायला आले. कोसे नव्हतेच; मग ते वारलूच्या अंगणात बसले. गफ्फारभाईंचा धंदा कापडाचा, इंग्रजी कामापुरती, आणि भांडणाची हौस भरपूर. सगळी हकीकत ऐकून त्यांनी मांडीवर थाप मारली.

"अरे, कंपनीवर दावा होतो! वेळेवर नेलं नाई तर नुकसान भरून द्या, खर्च द्या. कायदा हाये. मी लिवतो."

"लिवा भाऊ. पन पैशाचं नोको. एवढंच लिवा की जहाज आमीच थांबवलं असं त्यायनं म्हनावं."

"येडा हायेस का? कंपनी कधी असं म्हनते? पैसे मागावं लागते. पैशाच्या मागं मागं कबुली येते." आणि गफ्फारभाईंनी बिजाईची किंमत लिहिली, बुडालेल्या पिकाची लिहिली, फुटलेल्या मडक्याचीही लिहिली. मडक्याची लिहिताना ते स्वतःच हसले, पण खोडलं नाही.

पहिलं उत्तर आलं ते असं, की प्रवाशास हॉटेल व भोजन देऊ केले होते, त्याने ते स्वखुशीने नाकारले, सबब खर्च देणे लागत नाही. गफ्फारभाईंनी ते वाचून दाखवलं तेव्हा वारलूला जळती चूड लागल्यासारखं झालं. ज्या नेमासाठी त्यानं जेवण नाकारलं तो नेम इथं मोडला म्हणत होते, आणि तिथं तो पाळला म्हणून शिक्षा होत होती.

"लिवा भाऊ. आखीन लिवा."

गफ्फारभाई लिहीत राहिले. रेशीम खात्याच्या साहेबानंही आपलं एक पत्र जोडलं. अखेर कंपनी वाकली, किंवा कंटाळली. दया म्हणून एक रक्कम द्यायला ती तयार झाली. सोबत पावती होती, अंगठ्यासाठी खाली जागा. रक्कम बरी होती. साऱ्या गावाची बिजाई आली असती. गफ्फारभाईंचा चेहरा खुलला.

"आता अंगठा लाव अन् मोकळा हो."

"यात काय लिवलं हाये?"

"कायद्याचं असते थे."

"पन काय?"

गफ्फारभाईंनी घसा साफ केला. "की जो उशीर झाला तो देवाच्या करनीनं झाला. मानसाचा त्यात दोष नाई. समद्या कंपन्या असंच लिवतात."

वारलूनं कागद हातात घेतला. त्याला एकही अक्षर येत नव्हतं, तरी तो प्रत्येक ओळ वाचत असल्यासारखा पाहत होता.

"मंजे कोलूभाऊ म्हनते थेच," तो म्हणाला.

"काय म्हनते कोलू?"

"की देवानं अडवलं. देव कोनाले उगाच अडवते काय? मी चुकलो म्हनून अडवलं. हा कागद बी थेच म्हनते. अन् खाली माहा अंगठा."

"अरे, ही नुसती बोली हाये कागदाची!"

"कोलूभाऊची बी बोलीच हाये. तिनंच माही रांग गेली." त्यानं कागद परत दिला. "देवानं कायी नाई केलं. देवावर आळ काऊन घेऊ मी? घेतला तर पुढच्या साली कोनत्या तोंडानं त्याच्या झाडावर चढू?"

गफ्फारभाई रागावून निघून गेले. वेशीपाशी त्यांनी ही गोष्ट दोघांना सांगितली, आणि वारलूनं बिजाईचा पैसा लाथाडला हे सांजेच्या आत सगळ्या गावाला कळलं. आता लोक नुसते हसत नव्हते. कोणीतरी त्याच्या कुंपणाच्या काट्या उपसून नेल्या.

त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात गावात जीप आली. सरकार सगळ्या विमान कंपन्या ताब्यात घेणार होतं, आणि घारीच्या कंपनीला जाण्याआधी आपली दप्तरं साफ करायची होती. वारलूचं प्रकरण त्या दप्तरात काट्यासारखं उभं होतं. कंपनीचा नागपूरचा एजंट जातीनं आला. तरुण, गोरा, गळ्यात टाय, आणि धुळीनं टायसकट भगवा झालेला. गफ्फारभाई सोबत होते. मोहाच्या झाडाखाली गाव जमलं.

एजंटानं थैली काढून खाटेवर ठेवली. "हे घे आणि इथं अंगठा लाव. एवढ्यासाठी मी नागपूरहून आलो."

"बसा जी," वारलू म्हणाला. "एक इचारतो. थे जहाज काऊन थांबलं होतं?"

एजंट हसला. "कागदावर लिहिलंय."

"मले वाचता येत नाई. इथी कोनालेच येत नाई. तोंडानं सांगा."

एजंटानं गर्दीकडे पाहिलं. अर्धनागडे, काळे, ओळखीचा एकही चेहरा नाही. त्याच्या जगात तोंडच्या शब्दाला काही किंमत नव्हती. कागदावर उतरत नाही तोवर माणूस काही बोललेलाच नसतो. तो सांगून टाकणार, इतक्यात बायकांच्या घोळक्यात हालचाल झाली. शकुबाई पुढं आली. पिकाचे दिवस नव्हते, नेम नव्हता. तिनं केसांना तेल चोपडलं होतं, इतकं की कपाळावर ओघळ आले होते. उन्हात तिचं डोकं चकाकत होतं.

"मी इचारतो साहेबाले," ती म्हणाली. "या बायका म्हनते, म्या इथी डोस्क्याले तेल लावलं म्हनून तुमचं जहाज तिथी कलकत्त्याले आडलं. खरं काय जी?"

एजंटाला काहीच कळेना. गफ्फारभाईंनी त्याच्या कानात सांगितलं. तो आधी हसला, मग तिच्या तोंडाकडे पाहून त्याचं हसू गेलं.

"नाही बाई. तेलाचा काय संबंध? ते विमान एका शेठच्या लग्नाला दिलं. त्यानं जास्त भाडं दिलं. हवा चांगली होती."

मग झिंगू म्हणाला, "खरंच लग्नाले?"

"हो, लग्नाला. मी स्वतः कलकत्त्याच्या ऑफिसची तार पाहिली. यात एवढं काय आहे?"

"जहाज लग्नाले देल्लं," झिंगू स्वतःशीच पुटपुटला, जणू कोणी त्याच्या थोबाडीत मारली होती. बायकांमध्ये कुजबूज उठली. शकुबाई वारलूकडे वळली नाही. ती त्या बायकांकडेच पाहत राहिली, आणि त्यांना नजर जमिनीकडे वळवावी लागली.

"झालं ना?" एजंट म्हणाला. "आता अंगठा."

"हे जे बोलले, थे कागदात लिवा."

"ते नाही लिहिता येत. कागद हाच आहे. पण तुला हवं ते सगळ्यांसमोर सांगितलं की नाही मी?"

"सांगितलं. उपकार झाले तुमचे." वारलूनं हात जोडले. खरंच जोडले. "पन तुमी तोंडानं खरं बोलले, अन् मी अंगठ्यानं खोटं बोलू? नाई होत जी."

"अरे, पैसे!" एजंट ओरडला. "हे पैसे मग मिळायचे नाहीत. कंपनीच राहणार नाही! कोणाकडं जाशील मागायला?"

"कोनाकडंच नाई."

"तू काय समजतोस स्वतःला?"

"ढिवर."

थैली खाटेवर पडून होती. गावाची नजर तिच्यावर होती, वारलूवर नव्हती. बुधू नावाच्या म्हाताऱ्यानं हात जोडून म्हटलं, "वारलू, घे गा. लेकरायचं पाय." दुसऱ्या कोणी शिवी दिली. गफ्फारभाईंनी कपाळावर हात मारून घेतला. वारलूनं दोन्ही हातांच्या मुठी वळून अंगठे आत धरले आणि तो तसाच उभा राहिला. एजंटानं थैली उचलली. जीप निघून गेली तरी धूळ कितीतरी वेळ खाली बसली नाही.

मग कोलू उठला. त्याला वारलूचा राग आला होता, आणि तो राग कुठं टाकावा ते त्याला कळत नव्हतं. "नेम मोडला नोता, हे म्या माह्या कानानं आयकलं," तो म्हणाला. "रांग तुही. झिंगू उद्याच सोडन. पन बिजाई मातर तुले कोनी देनार नाई. साऱ्यायची बिजाई तू आता जीपमंदी बसवून धाडली."

"नोको द्या."

"बिनाबिजाईची रांग काय चाटशीन?"

"जंगल हाये ना."

रानात कुठं कुठं आपोआप झालेले कोसे असतात; उंच शेंड्यावर, पानाआड, वर्षावर्षात कोणाला न दिसलेले. ते शोधणं म्हणजे वेडेपणा, असं सगळे म्हणत, कारण दिवसभर मान वर करून फिरावं तेव्हा एखादा सापडतो. वारलू आणि शकुबाई दुसऱ्या दिवसापासून त्या वेडेपणाला लागले. गावातल्या पोरी मागून ओरडत, "कोसा नाई तं जहाज तरी सापडन, मामी!" शकुबाई मागं न पाहता ओरडे, "सापडलं तं तुह्याच लग्नाले देईन वं!"

कधी तो झाडावर असे आणि ती खाली, कधी उलट. दोघं फारसं बोलत नसत. मागे तिनं त्याच्यावर संशय घेतला होता ते त्यानं माफ केलं नव्हतं, आणि तिनंही माफी मागितली नव्हती. तरी ती रोज त्याच्या आधी उठून निघत असे.

मृगाच्या तोंडावर त्यांच्याकडे थोडे कोसे जमले. लहानमोठे, काही खडबडीत, एक तर वाकडाच. वारलूनं त्यांची माळ ओवली. बिजाईची माळ लोक घराच्या आत, आडोशाला टांगतात, नजर लागू नये म्हणून. वारलूनं ती समोरच्या दारावर टांगली, रस्त्याकडे तोंड करून.

कोलू जाता जाता थांबला. त्यानं माळेतले कोसे मोजले.

"एवढ्यानं काय होते बे?"

"काय होते थे पायजा," वारलू म्हणाला, आणि दारातून हलला नाही.